माणूस बसवणाऱ्या विमलताई

शेवगावच्या पूर्वेकडच्या गावांमधल्या कुठल्याही घरात गेलात, मग ते पत्र्याचं असो की स्लॅबचं, समोरच्या भिंतीवर लग्नाचा एक मोठा फोटो असतो. मधे नवरा-नवरी, दोन्ही बाजूंना माणसांची दाटी. घरधनी मला त्या फोटोपुढे नेतो, एका माणसावर बोट ठेवतो आणि सांगतो, "ह्यो मी." मी मान डोलावतो. तो त्या दिवशी तिथं नव्हता हे त्याला माहीत असतं आणि मलाही, कारण फोटो मीच काढलेला असतो. लग्न लागत होतं तेव्हा हा गडी दूर कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत ऊस तोडत होता. चार महिन्यांनी तो गावी परतला आणि विमलताईंनी त्याला फोटोत बसवला.

'बसवणं' हा त्यांचा शब्द. बाजारात याला मिक्सिंग म्हणायचे, एडिटिंग म्हणायचे. कुणी "ताई, मला ह्या फोटोत चिकटवा" म्हणालं की त्या चष्म्यावरून बघायच्या. "चिकटवायला तू काय तिकीट हायेस? मानूस बसवायचा आसतो."

विमलताई साळवे. नेवासा रोडला एका कापड दुकानाच्या वर त्यांचा एका खोलीचा स्टुडिओ होता. मी लग्नं शूट करायचो आणि कॉम्प्युटरचं सगळं काम त्यांच्याकडे. बारा-तेरा वर्षं आम्ही असं जोडीनं काम केलं. बुटक्या, सावळ्या, सुती साडी, चष्म्याला काळा गोफ. खोलीत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्यापुढे रोज एक ताजं फूल. बाकी भिंती कोऱ्या. इतर स्टुडिओत नटलेल्या नवऱ्या आणि उघडी बाळं फ्रेममधून बघत असतात, तसलं काही नाही. मी एकदा म्हणालो, "ताई, नमुन्याला दोन फोटो तरी लावा." तर म्हणाल्या, "लोकांच्या घरातली मानसं मी माझ्या भिंतीला कशाला टांगू?"

तरुणपणी त्या नगरच्या एका लॅबमध्ये प्रिंटवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशनं बुजवायचं काम करायच्या. ब्रश गेला, माउस आला, पण धरायची पद्धत तीच राहिली. मनगट टेबलाला टेकलेलं, तळव्याखाली घडीचा रुमाल, श्वास रोखलेला. एखाद्याच्या कानामागची कड कापताना त्यांच्याशी बोललेलं चालायचं नाही. कड झाली की सुस्कारा टाकून "हां, बोल आता" म्हणायच्या, तोवर समोरचा काय बोलायचं ते विसरलेला असायचा. काम संपलं की मॉनिटरवर भरतकामाचा रुमाल टाकायच्या, घरात टीव्हीवर टाकतात तसा.

आता या कामाची आमच्याकडे गरज का, ते सांगायला हवं. आमचा हा भाग कोरडा. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि चैत्राच्या सुमाराला परततं. मधल्या दिवसांत गावात लग्नं होतात, बारशी होतात, म्हातारी माणसं जातात. परतलेल्याला हे सगळं फोटोत बघायला मिळतं, आणि त्या फोटोत तो नसतो. मग तो विमलताईंचा जिना चढतो.

जिना चढून आलेल्याला वाटायचं, पासपोर्ट फोटो दिला की झालं. पण ताई त्याला आधी पाणी द्यायच्या आणि मग चौकशी सुरू करायच्या. तू कुठं उभा राहिला असतास? नवरदेवाशेजारी तू, का थोरला? अंगात काय असतं? टोपी की उघडं डोकं? हात कुठं असता?

एकजण म्हणाला, "खिशात."

"सख्ख्या भावाच्या लग्नात खिशात हात घालून उभा ऱ्हाशील व्हय रे?"

तो ओशाळला. जरा विचार करून म्हणाला, "खांद्यावर ठिवला आसता त्येच्या."

मग खांदा हवा. खांद्याला मी असायचोच. ताई कॅमेरा स्टँडवर लावायच्या, मला भाऊ म्हणून उभं करायच्या, तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर माझा पत्ता कट व्हायचा. फक्त त्याचा हात उरायचा आणि माझ्या खांद्याच्या जागी खरा भाऊ यायचा. असा मी अख्ख्या तालुक्याचा भाऊ, मेव्हणा आणि एकदा तर सासरा झालोय. एक गडी माझ्या खांद्यावर हात ठेवून ढसाढसा रडला होता. मी हलू नये म्हणून ताईंनी नुसता हात वर केला आणि त्याला पुरतं रडू दिलं. मग म्हणाल्या, "आता डोळं पूस. लग्नात हसतेत."

सगळ्यात मोठा खटाटोप उन्हाचा. मार्गशीर्षातलं दुपारचं ऊन तिरपं असतं, चैत्रातलं डोक्यावर. चैत्रात दुपारी फोटो काढून मार्गशीर्षातल्या लग्नात बसवला तर माणसाच्या नाकाची सावली ओठावर येते आणि बाकीच्यांची गालावर. असे फोटो बाजारात ढिगानं होते, कुणाचं काही अडत नव्हतं. ताईंचं अडायचं. गच्चीवर त्यांनी एक बांबू उभा करून ठेवला होता. लग्नाच्या फोटोत मांडवाच्या खांबाची सावली किती लांब आहे ते बघायच्या आणि बांबूची सावली तेवढी होईल त्या वेळेला माणसाला बोलवायच्या. "उद्या सकाळी नवाच्या पुढं ये. दाढी करून." मग त्याला गच्चीवर उभा करून इकडून तिकडे फिरवायच्या. "सूर्य काय माझं ऐकत न्हाई. तूच फीर."

परतलेली माणसं उन्हानं करपलेली असायची, तोंडावर आणि हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. सगळ्यांची विनंती एकच, "ताई, जरा गोरं करा." ताई ओरखडे काढायच्या, रंग मात्र तसाच ठेवायच्या. "आईला वळखू यायला नगं का?"

त्यांचंही एकदा चुकलं, आणि चुकलं ते घरच्याच मांडवात. बौद्ध पद्धतीचं लग्न होतं. सगळी मंडळी तसबिरींपुढे, पांढऱ्या कपड्यांत उभी. ताईंनी त्यात नवरीच्या काकाला बसवला. ऊन जुळलं, उंची जुळली, केसांची कड इतकी सुरेख की मीसुद्धा शोधत राहिलो. फोटो घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी नवरीची आजी स्वतः जिना चढून आली. "विमल, समदे अनवानी हायेत आन् ह्यो एकटाच चपला घालून बाबासाहेबांम्होरं उभा हाय!" ताईंनी फोटो बघितला आणि कपाळाला हात लावला. गच्ची तापली होती म्हणून तो चपला घालून उभा राहिला होता. आम्ही सूर्याकडे बघत राहिलो, पायांकडे कुणी बघितलंच नाही. ताईंना ते फार लागलं. "दुसऱ्याच्या धर्मात चुकलं आसतं तर म्हनले आसते, ठावं नव्हतं." त्यानंतर गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या पायांखाली पाण्यात भिजवलेलं गोणपाट आलं.

त्यांना सगळंच बसवता यायचं म्हणून भलतेसलते लोकही यायचे. एका गावचा एक पुढारी पेन ड्राइव्ह घेऊन आला. सरकारी योजनेतून संडास बांधले हे दाखवायला लाभार्थ्याचा संडासापुढं उभं राहून काढलेला फोटो लागतो. त्याच्याकडे लाभार्थी होते पंधरा आणि संडास होता एक. ताईंनी त्याला नीट ऐकून घेतलं, चहा पाजला. मग म्हणाल्या, "लग्नाला न आलेला मानूस मी बसवते. न बांधलेला संडास न्हाई बसवनार." तो दुसरीकडे गेला. तिथल्या पोरानं पटकन करून दिलं, पण पंधराही फोटोंत मागं तीच शेळी, तेच पान खाताना. ती शेळी पुढे बरेच दिवस आमच्या गप्पांत होती. ताईंना राग त्या पुढाऱ्याचा नव्हता, त्या पोराचा होता. "निदान शेळी तरी हलवायची," म्हणायच्या.

आणि एक नियम होता. माणूस बसवायचा, काढायचा नाही. भांडणं झाली की लोक यायचे. ह्या जावेला काढा, त्या जावयाला काढा. ताई सांगायच्या, "मी बसवते. उठवत न्हाई." फारच हट्ट धरला तर वर्षानं यायला सांगायच्या. वर्षानं बहुतेक कुणी यायचं नाही. मला हा नियम फार आवडायचा. मी चारचौघांत तो माझाच असल्यासारखा सांगायचो.

ताईंना जाऊन आता दीड वर्ष झालं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्या स्टुडिओ बंद करून केडगावला भाच्याकडे गेल्या, आणि तिथंच त्या गेल्या. निरोप आला तेव्हा मी एका लग्नाच्या ऑर्डरवर होतो, मधूनच निघता आलं नाही, पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. आता तर मोबाईलवर बोट फिरवलं की मेलेला माणूस हसतो, मान वळवतो. ताईंनी हे बघितलं असतं तर पहिल्यांदा सावली कुठल्या बाजूला पडलीय ते शोधलं असतं. त्यांची आठवण आली की माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्यांचं कसब येत नाही, मंगल येते.

मंगलचं लग्न मीच शूट केलं होतं. तिचा बाप आसाराम गाडीवान. स्वतःची बैलजोडी घेऊन तोडीला जायचा, बायको बरोबर. लग्न मार्गशीर्षात निघालं. बायको दोन दिवस आधी एसटीनं आली, आसाराम लग्नाच्या दिवशी सकाळी पोचणार होता. सकाळी त्याचा फोन आला. बैल बसलाय, उठत नाही. बघतो आणि निघतो. मंगलनं लग्न अडवून धरलं. मुहूर्त टळला, वऱ्हाडी कुरकुरायला लागले, व्याही मांडवात येरझाऱ्या घालायला लागला. दीड तासानं मामानं समजूत घालून तिला उभी केली. आसाराम आलाच नाही. बैल वाचला.

अक्षयतृतीयेच्या सुमाराला आसाराम ताईंकडे आला. डोक्याला नवी टोपी, हातात लग्नाच्या फोटोचं पाकीट. त्यानं ते फोडलंही नव्हतं. घरात बघायचा धीर झाला नाही म्हणाला. ताईंनी फोटो कॉम्प्युटरवर उघडला, त्याच्याकडे पाठ करून, आणि मला ओरडल्या, "काय रे, नवरीच्या शेजारी एवढी फट कशी सोडलीस? मानसं जवळ घेता येत न्हाईत?"

मी म्हणालो, "राहिली."

कंटाळ्यानं म्हणालो. दिवसाला दोन-दोन लग्नं चाललेली, कोण खुलासा करत बसणार.

आसारामला बसवणं त्यांच्या हातचं सगळ्यात सोपं काम ठरलं. कुणाला सरकवायला लागलं नाही, कुणाचा खांदा कापायला लागला नाही. जागा तयारच होती आणि तो तिच्यात बरोबर मावला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभा. फ्रेम तयार झाली तेव्हा आसारामनं तिला आधी नमस्कार केला. मग टॉवेलात गुंडाळून थेट नेवाशाकडं, मंगलच्या सासरी घेऊन गेला.

चौथ्या दिवशी मंगल तीच फ्रेम घेऊन जिना चढून आली. बसली नाही, पाणी घेतलं नाही.

"ताई, ह्यातनं आण्णांना काढा."

ताईंनी नेहमीचं सांगितलं. मी बसवते, उठवत नाही. बाप आहे, राग मनात धरू नये, वर्षानं ये.

मंगलनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बसवलं ते कुनाला इचारून?"

"तुझ्या बापाला. लई वेळ इचारलं. कुठं उभा ऱ्हाशील, हात कुठं ठिवशील..."

"त्येंना इचारलं. फोटोत तर मी हाय. मला कुनी इचारलं?"

ताईंनी फ्रेम जवळ ओढली. मंगल तशीच उभी होती, आवाज चढला नव्हता.

"ती जागा मी ठिवली हुती. मामा उभा ऱ्हात हुता तिथं, मी न्हाई म्हनले. ह्ये फोटोवाले बी म्हनले, जवळ सरका. मी म्हनले, ऱ्हाऊ द्या. आण्णा बैलापाशी थांबले, माझ्यापाशी न्हाई आले. खरं काय ते ऱ्हाऊ द्या की फोटोत. सासू येनाऱ्या-जानाऱ्याला दावती, ह्यो बगा इहिनीचा मालक, कसा आशीर्वाद देतोय. मला तिथं उभं ऱ्हावत न्हाई."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. "तुला ठावं हुतं?"

"हो."

"मंग बोलला का न्हाईस?"

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला वाटलं की कापडवाल्याच्या जिन्यानं सरळ खाली निघून जावं.

ताईंनी मूळ फोटो काढला, त्याच मापात छापला आणि त्याच फ्रेममध्ये घालून दिला. आधीचा गुंडाळी करून कपाटात ठेवला. मंगल गेली. ताईंनी त्या दिवशी पुढं काही काम केलं नाही. मॉनिटरवर रुमाल टाकला आणि खिडकीशी बसून राहिल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "आसाराम लेकीकडं कवातरी जानारच. भिंतीवर एकदम आसं बघंल. त्येच्या आधी मीच सांगते. उद्या मला घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या मोटारसायकलवर त्याच्या गावी गेलो. आसाराम गोठ्यात बैलांना वैरण टाकत होता. ताईंनी काही आडपडदा न ठेवता सांगितलं. त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"काढलं व्हय मला लेकीनं?"

"काढलं न्हाई. पयला फोटो लावलाय, तू नसलेला."

"त्यो मी बगितला न्हाई."

खरंच होतं ते. पाकीट त्यानं फोडलं नव्हतं, कॉम्प्युटरचा पडदा त्याला दिसला नव्हता, आणि दाखवायचं ताईंना सुचलं नव्हतं. आलेल्या माणसाला त्या कधीच आधीचा फोटो दाखवत नसत. त्याला उगाच दुःख कशाला, असं त्यांना वाटायचं.

"बस गाडीवर," त्या म्हणाल्या.

तिघं एका गाडीवर. मधे ताई, मागं आसाराम टोपी धरून. नेवाशाच्या अलीकडं मंगलचं गाव. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. घरात मंगल एकटीच, बाकीची रानात. बापाला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि चुलीपाशी जाऊन बसली.

आसाराम फोटोपुढं जाऊन उभा राहिला. किती तरी वेळ. सगळ्यांचे चेहरे त्यानं एक एक करून बघितले असावेत, कारण त्याची मान हळूहळू फिरत होती. मग ती थांबली. नवरीच्या डाव्या हाताला एका माणसाएवढी जागा मोकळी होती, आणि त्या जागेत मांडवाचा खांब आणि मागचं रान तेवढं दिसत होतं.

"एवढी जागा ठिवली हुती व्हय माझ्यासाठी?"

चुलीपाशी भांडं वाजलं.

"मला वाटलं, माझ्यावाचून काय आडलं न्हाई. लगीन लागलं म्हनून फोन आला, मी म्हनलं, झालं. ह्यो फोटो मंग लगीन लागायच्या आधीचा?"

"न्हाई," मंगल आतून म्हणाली. "लागल्यावरचा."

"लागल्यावर बी ठिवली व्हय गं?"

मंगल बाहेर आली. डोळे लाल, चुलीच्या धुरावर ढकलता येण्यासारखे. "लागल्यावर बी. म्हनलं, येतेल."

आसाराम तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यानं माफी मागितली नाही, बैलाचं नावही घेतलं नाही. मंगलनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. तो जेवत असताना ती समोर बसून राहिली. जेवण होत आलं तेव्हा तिनं भाकरीचा एक तुकडा त्याला न विचारता वाढला आणि म्हणाली, "उन्हं उतरायच्या आत निघा. वाटंत अंधार पडंल."

"आज ऱ्हातो की."

मंगलनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "आन् बैल?"

"बगंल कुनीबी," आसाराम म्हणाला.

मी ताईंकडं वळलो. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, चष्मा हातात, तो पदरानं पुसत. त्यांना त्या अंतरावरून फोटोतलं काही दिसत नसणार. मंगल त्यांनाही जेवायला थांबा म्हणाली, तर त्यांनी मान हलवली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या.

"चल," म्हणाल्या. "आता हितं आपलं काय काम न्हाई."

शेवगावात कापड दुकानाशी उतरल्या, साडी सारखी केली. मला वाटलं, मी त्या मोकळ्या जागेचं सांगितलं नव्हतं त्याबद्दल आता बोलतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, पोरीनं फोटो माघारी आनला." मग कठडा चाचपत, एक एक पायरी जोखत, त्या जिना चढून वर गेल्या. पुढच्या आठवड्यात भाचा त्यांना केडगावला घेऊन गेला, मी तेव्हा बाहेरगावी होतो. त्यानंतर आमची भेट झाली नाही.